अधिक-उणे

पहिले दोन महिने फक्त कानस.
लोखंडाचा एक चौकोन, पन्नास बाय पन्नास,
व्हाइसच्या जबड्यात, आणि मी मागून सांगत फिरतो,
घास बहीन, घास, खांद्यातून, मनगटातून नाही.
बावीस पोरं आणि ती एकटी.
रमिला दाज्या वसावे, मोलगीकडची.
"हजर" इतकं हळू म्हणायची
की मी खूण आधी करायचो, ऐकायचो नंतर.

घासून झालं की गुण्या लावायचा,
तुकडा खिडकीकडे धरायचा.
मधून उजेड दिसला तर अजून घास.
नंदुरबारचं ऊन असं की केसाएवढी फट असली
तरी पांढरीफटक रेघ डोळ्यात शिरते.
ती एक डोळा मिटून कितीतरी वेळ पाहायची.
पोरं हसायची.
ती पुन्हा व्हाइसकडे.

आई पथारीवर, मिरचीची देठं खुडायला, किलोमागे पैसे.
संध्याकाळी दोघी एकाच नळावर हात धुताना दिसल्या,
एकीच्या बोटांत लोखंडाचा चुरा,
एकीच्या बोटांत आग.
दिसल्या एकदाच. मी सायकल थांबवली नाही.

शिष्यवृत्ती मंजूर. पैसे नाहीत.
दाखल्यावर रमिला, पासबुकात रमीला,
एक वेलांटी पहिली, एक दुसरी.
खिडकीतले अहिरराव भला माणूस, पण म्हणाले,
"मना हातमा काहीच नही सर, कॉम्प्युटर लेस नही."

त्याच आठवड्यात वर्गात टॉलरन्स होता.
दांडा पंचवीसचा, भोकही बरोबर पंचवीसचं,
तर दांडा आत जाणार नाही, फिरणं दूरच.
मधे जरा जागा लागते, तेल राहील एवढी.
म्हणून ड्रॉइंगवर लिहितात
अधिक-उणे शून्य पूर्णांक शून्य दोन.
म्हणजे चुकायची परवानगी, पण मापून दिलेली.

मागच्या बाकावरून, वर्षात पहिल्यांदा मोठ्यानं:
"सर, वेलांटीला किती?"

मी फळ्याकडे तोंड करून
आधीच पुसलेलं काहीतरी पुसत राहिलो.

मग एकोणीस दिवस तिचा व्हाइस रिकामा.
मेसचे पैसे थकले होते.
मी घरी गेलो, समजूत घातली, असं सांगता आलं असतं,
पण मी फक्त तिचा अर्धा चौकोन
तेलाच्या फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवला.
विसाव्या दिवशी आली, फडकं सोडलं,
गंज नाही हे पाहिलं आणि कामाला लागली.
आईनं पुढच्या हंगामाची उचल घेतली होती
हे मला फार नंतर कळलं.

परीक्षक धुळ्याचे. तिचा जोड हातात घेतला,
एका तुकड्याच्या खाचेत दुसरा सरकवला,
उलटा करून सरकवला, मग चारही बाजूंनी,
मग न बोलता खिडकीकडे गेले.
मीही मागून मान वाकडी करून पाहिलं.
कुठे काही दिसेना. अंधार, सुरेख अंधार.

आता जळगावला आहे, एमआयडीसीत, पाइपांच्या कारखान्यात.
फोनवर म्हणाली, सर, इथे कानस कुणी हातात धरत नाही,
पण साचा अडला की मला बोलावतात.
शिष्यवृत्ती जमा झाली, चौदा महिन्यांनी,
शिक्षण संपल्यावर, शिक्षणासाठी.
"सर, हे आता कशाचे समजू?"
उचल फेडली. उरल्यात एक व्हर्नियर घेतलं, स्वतःचं,
ज्यावर संस्थेचा नंबर कोरलेला नाही.

यंदा तीन मुली आल्यात.
पहिल्याच दिवशी, कानस द्यायच्याही आधी,
मी तिघींचे दाखले, आधार, पासबुकं मागून घेतली,
एकाखाली एक लावून खिडकीकडे धरली,
एक डोळा मिटला.

एका आडनावात उजेड दिसतोय.